तार तुटत नाही, जोड सुटतो



राब भाजून झाले. आता सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. पहिला वळीव पडला की आपल्या मुरबाड-शहापूरकडे दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "फोन मेलाय." दुसरं, "लाईन गेली." तिसरं वाक्य कोणी बोलत नाही, ते म्हणजे, "नेमकं गेलं काय आणि कुठं?"

माझं म्हणणं सरळ आहे. खांबावरची तार मधेच बिघडते असं फार कमी वेळा होतं. झाड पडलं, वादळ आलं, गाडी खांबाला धडकली तर तुटते, आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते. बाकी वेळेला बिघाड असतो जोडात. आणि जोड कुठला बिघडलाय हे जमिनीवर उभं राहून, खांबाला हात न लावता, बऱ्याच अंशी ओळखता येतं. ही ओळख गावात नसल्यामुळे आपण दरवर्षी मोटरी जाळतो, लाईनमनशी भांडतो आणि भेंडी-काकडी वाळवतो.

पान पिवळं पडलं म्हणून आपण लगेच युरिया मारतो का? जाणता माणूस आधी बघतो की पिवळेपणा खालच्या पानांना आहे की वरच्या, सगळ्या वावरात आहे की पाणी तुंबलेल्या कोपऱ्यातच. तारेचंही तसंच आहे. लक्षण बघायचं, जागा शोधायची, मग औषध.

जोडच का बिघडतो?

तार कारखान्यात एकसंध ओढलेली असते. जोड मात्र खांबावर, शिडीवर, कधी पावसात, घाईत मारलेला असतो. लाईनीची तार ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम उघडं झालं की त्याच्यावर लगेच पापुद्रा धरतो, आणि त्या पापुद्र्यातून वीज नीट जात नाही. त्यात तांब्याची तार ॲल्युमिनियमला नुसती पिळून बांधली की आपल्या दमट हवेत दोन धातू एकमेकांना खायला लागतात. म्हणून तिथे बायमेटॅलिक क्लॅम्प लागतो. पिळ मारलेला जोड दिवाळीत मारला तर जूनपर्यंत तग धरेल, पण श्रावणात दगा देणारच.

आणि तारेवर टाकलेला आकडा म्हणजे जगातला सगळ्यात ढिला जोड. विजेची चोरी हा २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५ खाली गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवा. आकड्याच्या ठिणग्यांनी तार तिथे खाल्ली जाते, आणि त्याची शिक्षा पुढच्या खांबावरच्या पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याला होते.

आधी फोनच्या तारेकडून शिकू

ज्यांनी जुना टेलिफोन वापरलाय त्यांना हे लवकर कळेल. आपल्या देशात पहिली तारेची लाईन १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी घातली गेली, १८५४ मध्ये मुंबई आग्र्याला जोडली गेली. तारखात्याला पहिल्या दिवसापासून एकच कोडं होतं. शेकडो मैलांच्या लाईनीत बिघाड कुठं? मैलन्‌मैल चालत बघणं परवडणारं नव्हतं. म्हणून कचेरीत बसून तारेचा विरोध मोजायचा आणि अंतर काढायचं, ही विद्या तयार झाली.

हिशोब सोपा आहे. अर्धा मिलीमीटर जाडीच्या तांब्याच्या दोन तारा गेल्या आणि आल्या धरून, किलोमीटरमागे साधारण १७५ ओहम विरोध देतात. एक्स्चेंजमधून मोजल्यावर ३५० ओहम आले आणि लाईन शॉर्ट आहे, तर बिघाड सुमारे दोन किलोमीटरवर. लाईनमनने थेट तिथलाच खांब गाठायचा.

पुढे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था सुरू झाली, आणि तिचं १२८ लाईनींचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला चालू झालं. अशा छोट्या एक्स्चेंजांनी खेड्यापाड्यात फोन आणला. पण एक्स्चेंजपासून घरापर्यंतची खांबावरची तार तीच राहिली, आणि रडगाणंही तेच.

त्या तारेची लक्षणं बघा, आजही जिथे तांब्याची लाईन आहे तिथे लागू आहेत:

– वारा सुटला की खरखर, वारा थांबला की साफ: जोड ढिला आहे, तार हलली की सुटतो-लागतो.

– पाऊस पडला की आवाज खराब, ऊन पडलं की दोन दिवसांत बरा: खांबावरच्या डब्यात किंवा जोडात पाणी शिरतंय.

– सतत घूंऽऽ असा आवाज: दोन तारांपैकी एकीचा जोड कच्चा आहे किंवा ती जमिनीला लागतेय. दोन्ही तारा सारख्या असतील तर शेजारच्या विजेच्या लाईनीचा परिणाम दोघींवर सारखा होऊन कटतो. एक कच्ची झाली की तो कटत नाही, कानात येतो.

– फोन खराब, पण एकदा घंटी वाजली की थोडा वेळ चांगला चालतो: जोडावर पापुद्रा धरलाय. घंटीचा दाब मोठा, साधारण ७५ व्होल्टचा. तो पापुद्रा तात्पुरता फोडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एक्स्चेंज लाईनीवर ४८ व्होल्ट देतं. फोन ठेवलेला असताना मीटर लावला तर कच्च्या जोडातूनही जवळजवळ पूर्ण ४८ दिसतात. माणूस म्हणतो, लाईन तर आहे! रिसिव्हर उचलला की खरी गोष्ट कळते. चांगल्या लाईनीवर आकडा सात-आठ व्होल्टच्या आसपास थांबतो. कच्च्या जोडावर तो पार दोन-तीनवर कोसळतो आणि टोन येत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी तांबं जाऊन फायबर आलंय. त्यातही गंमत तीच आहे. काचेचा धागा सहसा मधे बिघडत नाही. बिघडतो कनेक्टर, बिघडतो जोड, नाहीतर खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात मोडलेली असते. घरातल्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला तर आधी आपल्या घरात तार कुठे दाबली-मोडलीय का ते बघा. प्रकाशाची ताकद तीन डेसिबल घटली म्हणजे निम्मी झाली. कारागिराला विचारा, "किती डीबीएम येतंय?" उणे २७-२८ च्या पलीकडे गेलं की डबा आंधळा होतो. आणि निघालेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

डीपी नावाच्या दोन वस्तू

टेलिफोनवाला 'डीपी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात खांबावरचा छोटा डबा असतो, जिथून घराघरात तार फुटते. शेतकरी 'डीपी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर ट्रान्सफॉर्मर येतो. नाव एक, वस्तू दोन, पण दोन्हीकडे रोगाची जागा एकच: जिथे एक तार संपते आणि दुसरी सुरू होते.

आता विजेकडे या, कारण खरा पैसा इथे जळतो.

म्हशाच्या यात्रेत बैल दावणीला उभा बघून कोणी पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. मग विजेच्या बाबतीत आपण उभा बैल का विकत घेतो? मोटर बंद असताना पॅनेलवर ४१५ व्होल्ट दिसले की म्हणतो, "व्होल्टेज फुल आहे, मोटरच खराब असणार." आणि मोटर उचलून रिवाइंडिंगला. बिनभाराचा व्होल्टेज खोटं बोलतो. जोडातून प्रवाहच जात नाही तर दाब कमी होणार कुठून? भार टाका, मग बघा.

पाच एचपीची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. एका जोडाचा विरोध फक्त एक ओहम धरा. चालू मोटरला तिथे साडेसात व्होल्ट पडतील आणि त्या एका जोडात ५६ वॉट उष्णता होईल. म्हणजे खांबावर एक सोल्डरिंगची इस्त्री सतत तापत ठेवल्यासारखं झालं. सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते, म्हणजे ४५ अँपिअर. त्या क्षणी त्याच जोडात ४५ व्होल्ट जातात. मोटर गुरगुरते, उचलत नाही. जोड तापतो, पापुद्रा वाढतो, विरोध वाढतो, आणखी तापतो. शेवटी एक दिवस तो फेज पूर्ण सुटतो, चालती मोटर दोन फेजवर ओढत राहते आणि प्रतिबंधक रिले नसेल तर वाइंडिंग काळं पडतं.

तीन फेजच्या दाबात थोडासा फरक पडला तरी मोटरच्या करंटमध्ये त्याच्या सहा ते दहा पट फरक पडतो. म्हणून "थोडं कमी-जास्त चालतंय" हे वाक्य महागात जातं.

आमच्या शिवारात एका शेजाऱ्याची मोटर एकाच उन्हाळ्यात दोनदा रिवाइंडिंगला गेली. दोन्ही वेळा दोष मोटरीला, मग बोअरला, मग नशिबाला. शेवटी कोणीतरी मोटर चालू असताना तिन्ही फेज मोजले. एक फेज खाली बसत होता. खांबावरचा जंपर पिळ मारलेला होता आणि काळाठिक्कर पडला होता. एक क्लॅम्प बसला आणि मोटर सुतासारखी चालली. मधल्या पंधरा-पंधरा दिवसांत भेंडीचे तोडे गेले ते काही परत आले नाहीत.

जागा कशी शोधायची

खांबावर चढायचं नाही. बंद डबे उघडायचे नाहीत. पॅनेलवरचा व्होल्टमीटर, अँपिअरमीटर आणि शेजारपाजार एवढी हत्यारं पुरतात. उघड्या टर्मिनलवर मीटर लावायचा असेल तर परवानाधारक वायरमनच लावेल.

१. आज सगळं ठीक चालतंय, तेव्हाच आकडे लिहून ठेवा. मोटर बंद असताना व्होल्ट किती, सुरू झाल्यावर किती, प्रत्येक फेजचा करंट किती. निरोगी माणसाची नाडी माहीत असेल तरच ताप कळतो.

२. फरक रोज सारखाच असेल आणि तिन्ही फेजला असेल तर तार लांब किंवा बारीक आहे, किंवा डीपीवर भार जास्त आहे. फरक एकाच फेजला असेल, कधी कमी कधी जास्त, वाऱ्यात वाढणारा, तर जोड समजा.

३. फक्त तुमचाच पंप त्रास देतोय? मग दोष तुमच्या स्टार्टरपासून खांबावर तुमची सर्व्हिस वायर जिथे चिकटते तिथपर्यंत. एकाच लाईनीवर पहिल्या तीन खांबांवरचे पंप ठीक आणि चौथ्यापासून पुढचे सगळे आजारी? मग जोड तिसऱ्या-चौथ्या खांबाच्या मधे. डीपीवरचे सगळेच आजारी? मग डीपी किंवा त्याच्या वर. हीच ती फोनवाल्यांची विद्या, लाईन अर्धी-अर्धी करत जायची.

४. एक फेज पूर्ण मेलेला आणि दोन पूर्ण चांगले, तर बहुधा खालच्या बाजूचा फ्यूज, किटकॅट किंवा जंपर. एका फेजला पूर्ण दाब आणि बाकी दोघांना निम्म्यासारखा, तर डीपीच्या वरच्या, उच्चदाब बाजूचा एक फेज गेलाय, डीओ पडलाय का ते लांबूनच बघा.

५. काही घरांत दिवे डोळे दिपतील असे आणि काही घरांत मिणमिणते, हे दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. न्यूट्रलचा जोड सुटलाय. एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंतही जाऊ शकतात. सगळ्यांना मेन बंद करायला सांगा आणि तक्रार द्या.

६. संध्याकाळी अंधार पडताना, भार चालू असताना, लांब उभं राहून लाईनीकडे बघा. ढिल्या जोडावर ठिणगी दिसते. जुना रेडिओ असेल तर त्याची खरखरही तिथे वाढते.

जिथे हात घालायचा नाही

तार जमिनीवर पडली असेल तर दहा मीटरच्या आत जाऊ नका. जवळ असाल तर पाय जुळवून, छोटी पावलं सरकवत बाहेर या. गुरं आधी आवरा. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ओल्या जमिनीतला दाब त्याला माणसापेक्षा जास्त बसतो. माणूस वाचतो तिथे बैल जातो.

आणि एक गैरसमज आजच मोडा. "फायबरमध्ये करंट नसतो." धाग्यात नसतो, खरं. पण घरापर्यंत येणाऱ्या बऱ्याच फायबरच्या केबलीत ताणासाठी पोलादी तार असते. विजेच्या खांबावरून ती केबल ओढली असेल आणि वरची तार तिच्यावर घासली, तर ती पोलादी तार वीज थेट अंगणात आणू शकते. पूर्वी फोनच्या लाईनीवरून विजेची लाईन जायची तिथे खाली गार्डिंगच्या तारांची जाळी बांधत असत, ती याच भीतीपोटी. लोंबणारी केबल हाताने ओढून कुंपणाला बांधू नका.

"लाईनमनचं काम आम्ही का करायचं?"

हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. आपण बिल भरतो. लाईन राखणं कंपनीचं काम आहे, आणि वीज नियामक आयोगाच्या सेवा-मानकांत दुरुस्तीला वेळ बांधून दिलेली आहे. मी कंपनीला सूट द्या असं म्हणत नाही. उलट, नेमकी तक्रार ही तिला सुटू न देण्याची सगळ्यात चांगली वाट आहे.

दोन तक्रारी वाचा. पहिली: "लाईट नाही, लवकर माणूस पाठवा." दुसरी: "डीपीवरून पश्चिमेला जाणाऱ्या लाईनीवर चौथ्या खांबापासून पुढे बी फेज भार टाकल्यावर ६० व्होल्ट पडतो. पाच पंपांना तोच त्रास. तीन खांबांपर्यंत ठीक. वाऱ्यात वाढतो." पहिल्या तक्रारीला "तुमच्या घरातला दोष आहे" हे उत्तर देऊन मोकळं होता येतं. दुसरीला येत नाही. पहिल्या तक्रारीवर लाईनमन येतो, डीपीवर फ्यूज बघतो, फ्यूज शाबूत आहे म्हणून परत जातो. दुसरीवर तो थेट चौथ्या खांबाला शिडी लावतो.

लाईनमनचीही बाजू बघा. एका माणसाकडे कितीतरी गावं-पाडे. भर पावसात, कधी एकटा, अंधारात खांबावर. त्याला कुठला जोड हेच माहीत नसेल तर तो दहा खांब चढणार. प्रत्येक जास्तीचा खांब म्हणजे त्याच्या जिवाला जास्तीचा धोका. आणि खाली उभं राहून "दे रे पटकन पिळ मारून, पाणी द्यायचंय" म्हणणारे आपणच असतो. तो पिळ तो मारतो, आपण खूश होतो, आणि पुढच्या महिन्यात तोच जोड परत. घाईचा पिळ ही आपली आणि त्याची मिळून केलेली चूक आहे. क्लॅम्प नसेल तर क्लॅम्प मागा, तोंडी नाही, लेखी. १९१२ वर तक्रार केली की क्रमांक घ्या आणि वहीत लिहा.

आपल्याही बाजूची घाण काढू. ऑटोस्विच काढा. वीज आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, सहापट करंट सगळ्यांचा एकाच क्षणी, आणि सगळ्यात कच्चा जोड तिथेच मान टाकतो. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवणंही बंद करा. त्याने रोग दिसेनासा होतो, बरा होत नाही.

जूनच्या आधी काय

माझं मत असं की दर गावाने मे महिन्यात एक दिवस लाईनीसाठी द्यावा. चार-पाच जणांनी डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंत चालत जायचं. वेल चढलेले खांब, झाडाला घासणारी तार, वाकलेले खांब, काळे पडलेले जंपर, आकडे, लोंबणाऱ्या केबली, सगळं खांबाच्या क्रमांकासह कागदावर. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने तो कागद उपविभागाच्या कचेरीत, पोच घेऊन. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. वादळ आपली वेळ विचारून येत नाही, पण मे महिना दरवर्षी येतो.

फोनची तारही त्याच फेरीत बघा. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांवर मोबाईलला रेंज नाही. भातलावणीत साप चावला तर १०८ ला फोन लागणं हाच पहिला उपचार असतो. तो फोन एका डब्यातल्या गंजलेल्या स्क्रूवर किंवा मोडलेल्या कनेक्टरवर अडायला नको.

या आठवड्यात एवढंच करा. मोटर चालू करा, तिन्ही फेजचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, तारीख घाला, आणि शेजाऱ्यालाही लिहायला लावा. दोन वह्या शेजारी ठेवल्या की कच्चा जोड कुठल्या बाजूला आहे ते आपोआप दिसायला लागेल.